आदेशात शाळेचं नाव लिहायला लावणाऱ्या संरक्षण अधिकारी ताईंना

आदरणीय ताई,

तुमची बदली झाल्याचं समजलं. समुपदेशन केंद्रातल्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र.

ज्या कायद्याखाली तुम्ही पीडित बायकांना कोर्टात अर्ज करायला मदत करायचात, तो घरगुती हिंसाचाराचा कायदा म्हणजे नमुना १ मधला घटनेचा अहवाल भरून पुढे सरकवणं, असं पुष्कळांना वाटतं. तुम्ही तो तारीखवार भरायचात: काय झालं, कोणी पाहिलं, दवाखान्याचा कागद आहे का, आणि मुलं त्या वेळी घरात होती का. हा शेवटचा प्रश्न हमखास गळतो. मग कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागताना कागदावर मुलांबद्दल एक ओळही सापडत नाही.

सगळ्यात मोठे आभार मात्र अर्जातल्या विनंतीच्या परिच्छेदाबद्दल, म्हणजे कोर्टाकडे नेमकं काय मागायचं ते लिहितो त्याबद्दल. ‘सामनेवाल्याने अर्जदारास त्रास देऊ नये’ एवढ्यावर तुम्ही कधी थांबू दिलं नाहीत. असा आदेश घेऊन बाई पोलीस ठाण्यात गेली की पहिला प्रश्न येतो, ‘शाळेच्या फाटकाशी उभं राहणं म्हणजे त्रास कसा?’ म्हणून शाळेचं नाव, शिकवणीचा पत्ता, फोन, व्हॉट्सॲप, नातेवाइकांमार्फत निरोप, हे सगळं कलम १८ खालीच, म्हणजे संरक्षण आदेशातच मागायला तुम्ही शिकवलंत. कलम ३१ मधली शिक्षा संरक्षण आदेश मोडण्याबद्दल आहे: १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही दखलपात्र आणि अजामीनपात्र. नुसत्या ताब्याच्या आदेशाला हा चाप आपोआप बसत नाही. वकिलांनाही हे कधीकधी आदेश हातात पडल्यावर आठवतं, असो.

नोटिशीसाठी नवऱ्याच्या घराबरोबर कामाच्या जागेचाही पत्ता तुम्ही मागून घ्यायचात. नोटीस ‘पत्त्यावर आढळला नाही’ म्हणून परत आली की तारखा नुसत्या वाहून जातात.

आणि कौटुंबिक न्यायालयाचा गुंता! दंडाधिकाऱ्यांनी दिलेला ताबा तात्पुरता. कायमचा प्रश्न १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली तिकडे जातो. तिथे वडिलांना रविवारची भेट मिळते, इकडे संरक्षण आदेशात ‘संपर्क करू नये’. पाळायचा कोणता? तुमचं उत्तर ठरलेलं: संरक्षण आदेशाची प्रत भेटीच्या अर्जावरच्या म्हणण्याला, म्हणजे आपल्या लेखी उत्तराला जोडा, भेट कोर्टाच्या आवारात मागा, मुलाला आणायला-न्यायला आई नको, मामा किंवा आजी जाऊ दे, आणि निरोप एकाच ठरलेल्या नंबरवर. भेट नाकारायची असेल तर मुलाला होणारा अपाय दाखवा. आईला ते नकोत, एवढं कारण पुरत नाही. काही जणी हे ऐकून तुमच्यावर रुसल्या, पण त्यांचे अर्ज टिकले.

कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत मोफत मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. तरी ती स्वतः नेऊन पोच घ्या, असं तुम्ही बजावायचात. मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा तुमचा अर्ध्या पानाचा मसुदा आम्ही जपून ठेवलाय. नव्या मॅडम रुजू झाल्या की पहिला तोच दाखवू.

तुमच्या,
समुपदेशन केंद्रातल्या कार्यकर्त्या