माशांच्या खाद्याचा हिशेब पाण्यातही दिसतो

मा. संपादक,

इंदापूर-दौंडच्या शेततळ्यांतील मत्स्यपालनात उत्पन्नाचा हिशेब मांडला जातो, पाण्यात काय उरते याचा नाही. एक किलो चिलापी (तिलापिया मासा) वाढवायला 30 टक्के प्रथिनांचे दीड किलो खाद्य लागले, तर एक टन माशामागे त्या प्रथिनांतले सुमारे 72 किलो नत्र तळ्यात पडते. त्यातले 25 किलोच्या आसपास माशाच्या अंगी लागते. बाकीचे, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांहून जास्त, पाण्यात आणि गाळात राहते. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिक कागदामुळे ते धरून ठेवायला तळाला मातीही नसते.

म्हणून पहिला उपाय तराजू. दर पंधरवड्याला पाग (फेकजाळे) टाकून तीस-चाळीस मासे तोलावेत. 200 ग्रॅमचे 2000 मासे असतील तर 400 किलोच्या 3 टक्के, म्हणजे दिवसाला 12 किलो खाद्य पुरते. तरंगते खाद्य पंधरा मिनिटांनंतरही पाण्यावर दिसले, तर पुढची पाळी कमी करावी. ढगाळ दिवशी निम्मीच द्यावी. पोत्यावरच्या तक्त्याप्रमाणे डोळे झाकून टाकणारेच जास्त, आणि पहाटे प्राणवायू संपून मासे वर तोंड काढू लागले की एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) बिघडल्याची शंका घेतात. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) 8 वरून 9 वर गेला, तर याच नत्रातून होणाऱ्या अमोनियातला विषारी वाटा शेकडा सातवरून चाळीसच्या पुढे जातो. तिथे एरेटर फारसा कामाचा नाही, खाद्य थांबवावे लागते.

तळाचा गाळ मड पंपाने काढावा. पंपाचे तोंड तरंगत्या डब्याला बांधून तळापासून वीतभर वर ठेवावे; खाली टेकले की कागद फाटतो. हे पाणी ओढ्यात सोडू नये. शहराच्या सांडपाण्याचा भार उजनी धरण आधीच सोसते आहे. ते पाटाने उसाला द्यावे आणि तेवढा युरिया कमी करावा. डाळिंब-पेरूच्या ठिबकला द्यायचे तर वाळूचा फिल्टर हवाच, नाहीतर शेवाळाने ड्रीपर चोंदतात.

केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान मिळते. प्रस्ताव मंजूर करताना तळ्याचे पाणी कोणत्या पिकाला, किती क्षेत्रावर जाणार, हे लिहून घेणे मत्स्यव्यवसाय विभागाने सक्तीचे करावे.

– एक मत्स्यशेती अभ्यासक, पुणे