तहान म्हणजे साखरच नव्हे

मा. संपादक,

उकाडा वाढला की आरोग्याच्या पानांवर एक वाक्य हमखास छापून येते : 'सतत तहान लागते? वारंवार लघवीला जावे लागते? साखर तपासून घ्या.' सल्ला बरोबरच आहे. पण साखर नॉर्मल आली तर पुढे काय, हे कुणी लिहीत नाही, आणि नेमक्या त्याच जागी काही मुले वर्षानुवर्षे अडकून पडतात. 'डायबेटिस इन्सिपिडस' हे त्यांच्या आजाराचे जुने नाव. नावात डायबेटिस असले तरी साखरेशी किंवा इन्सुलिनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बहुतेकदा कमी पडते ते व्हॅसोप्रेसिन, म्हणजे मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला लावणारे हार्मोन.

हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात फक्त साठवलेले असते. तयार होते ते वर, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या चेतापेशींत, आणि तेही सुटे नाही. एकाच लांब साखळीत आधी ९ अमिनो आम्लांचे व्हॅसोप्रेसिन, मग न्यूरोफायसिन हे वाहक प्रथिन आणि शेवटी कोपेप्टिनचे शेपूट. न्यूरोफायसिनची घडी गंधकाच्या ७ बंधांनी आवळलेली असते. त्या घडीत एक खाच असते, तिच्यात हार्मोनचे टोक जाऊन बसते. पुढे साखळी कापली गेली तरी पकड सुटत नाही. साठवणीच्या कणांत सामू साडेपाचच्या आसपास असतो, तिथे जोडी घट्ट राहते. रक्तात सामू ७.४ आणि सगळेच विरळ, तिथे हार्मोन मोकळे होते. प्रसूतिकळांच्या ऑक्सिटोसिन या हार्मोनची व्यवस्थाही अशीच, वाहक तेवढा वेगळा.

घराण्यात चालत येणाऱ्या प्रकारात दोष बहुतेकदा हार्मोनमध्ये नसतोच, या वाहकात असतो. जनुकाची दुसरी प्रत चांगली असूनही आजार होतो, कारण घडी चुकलेली साखळी पेशीबाहेर पडत नाही. ती आत साचत जाते आणि हळूहळू ती पेशीच मरते. म्हणूनच जन्मतः मूल ठणठणीत असते आणि तहान पहिल्या काही वर्षांत कधीतरी सुरू होते. मग मूल रात्री चार-चार वेळा उठते, गार पाणीच मागते, बाटली संपली की बादलीतले पिते. आजी म्हणते, 'आमच्याकडे सगळेच पाणी फार पितात.' डॉक्टरांनी हे वाक्य कानाआड करू नये. पालकांपैकी एकाला हा दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि रक्ताच्या एका नमुन्यावरून जनुकतपासणी होते. घराण्यात कुणालाच नसेल तर मेंदूचा एमआरआय टाळू नये. त्या भागातल्या गाठीही याच लक्षणाने सुरू होतात.

पहिली तपासणी साधी आहे : २४ तासांची लघवी मोजणे. पण ती चुकते फार. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची लघवी डब्यात धरायची. लॅबचा डबा भरला की उरलेली लघवी टाकून दिली जाते आणि अहवालात येतो तो फक्त डब्याचा आकार! घरून दुसरे कॅन न्यावे. मोठ्या माणसात वजनाच्या दर किलोला ५० मिलीहून जास्त लघवी, त्यात साखर नाही आणि ऑस्मोलॅलिटी (लघवी किती दाट आहे याचा आकडा) ३०० च्या खाली, एवढे जुळले की रक्तातले सोडियम तपासून अंतःस्रावतज्ज्ञांकडे जायचे. पाणी तोडून बघण्याचा प्रयोग घरी कधीही करू नये, लहान मुलावर तर नाहीच.

व्हॅसोप्रेसिन थेट मोजणे कटकटीचे आहे. ते रक्तात काही मिनिटेच टिकते आणि बरेचसे प्लेटलेटना चिकटलेले असते, त्यामुळे नमुना यंत्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) नीट फिरवला नाही तर आकडा खोटा फुगतो. कोपेप्टिन त्याच्याबरोबर तितकेच बाहेर पडते आणि टिकते. शिरेतून तीव्र (जास्त मिठाचे) सलाईन देऊन, डॉक्टर शेजारी उभे असताना, सोडियम १५० पर्यंत नेल्यावर कोपेप्टिन ४.९ पिकोमोलच्या वर गेले तर हार्मोन पुरेसे आहे, तहान सवयीची. तेवढेही चढले नाही तर कमतरता.

उपचाराचे औषध डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनचेच काम करणारे कृत्रिम रूप. गोळी १०० मायक्रोग्रॅमची आणि नाकाचा फवारा १० चा, हे बघून कुणी गोंधळू नये; गोळीतले फारच थोडे पोटातून रक्तात पोहोचते. पावसाळ्यात सर्दीने नाक चोंदले की फवारा लागू पडत नाही, तेव्हा गोळीचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा. आणि या रुग्णांना 'उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या' हा सरसकट सल्ला घातक ठरू शकतो. औषध चालू असताना तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसले तर ते बाहेर पडत नाही. सोडियम उतरते, डोके दुखते, उलट्या होतात, फिट येऊ शकते.

याच्या उलटा धोका रुग्णालयात असतो. केसपेपरवर 'डीआय' (डायबेटिस इन्सिपिडसचे लघुरूप) दिसते, ते मधुमेह म्हणून वाचले जाते, बोट टोचून साखर बघितली जाते, ती नॉर्मल येते आणि डेस्मोप्रेसिनचा डोस राहून जातो. त्यात ऑपरेशनसाठी तोंडाने पाणी बंद. काही तासांत सोडियम चढू लागते. परदेशांत अशा चुकीने मृत्यू झाले आहेत, म्हणून २०२२ मध्ये अंतःस्रावतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नावच बदलले : व्हॅसोप्रेसिनची कमतरता. आपल्या वृत्तपत्राने हेच नाव वापरावे, ही विनंती. 'उदकमेह' हा जुना शब्द सुंदर आहे, पण 'मेह' ऐकले की मन पुन्हा मधुमेहाकडेच धावते.

तोवर रुग्णांनी लोकलच्या पासमागे एक चिठ्ठी ठेवावी, मराठीत आणि इंग्रजीत : 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता. मधुमेह नाही. डेस्मोप्रेसिन चुकवू नये. बेशुद्ध असल्यास सोडियम लगेच तपासावे.' खाली डोस आणि घरच्यांचा फोन नंबर.

— अंतःस्रावशास्त्र व प्रयोगशाळा क्षेत्रात काम करणारे काही जण, परळ, मुंबई