कॉइलओव्हर स्वस्त घ्या, पण चारही टायरांचा हिशोब धरून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कमी खर्चात गाडी खाली बसवण्याबद्दल जे छापून आलं ते पुण्याच्या माझ्या भाच्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "मामा, तुमच्या सुबारूला आहेत तसे कॉइलओव्हर माझ्या डस्टरला टाकू का, नेटवर स्वस्त मिळतायत." कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र सेट, ज्याने गाडीची उंची कमी-जास्त करता येते. मी अमेरिकेत कोलोराडोला डेन्व्हरमध्ये राहतो, पेपर रोज सकाळी फोनवर वाचतो. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं ते तुमच्या बाकीच्या वाचकांनाही कळावं असं मनापासून वाटलं म्हणून लिहितोय, कारण लेखात सेटची किंमत होती पण चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढे काय काय होतं त्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

माझी गाडी २०१६ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, चारही चाकांना ताकद जाणारी, मॅन्युअल गिअरची, सेकंडहँड घेतलेली. इकडे बर्फामुळे सुबारू गल्लोगल्ली दिसतात. घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी साडेचारशे डॉलरचा एक कॉइलओव्हर सेट मागवला, नाव नको सांगायला, आणि मित्राच्या गॅरेजमध्ये एका शनिवारी आम्ही दोघांनी तो बसवला. गाडी जवळपास दोन इंच खाली घेतली, दिसायला फार सुंदर दिसत होती खरं सांगतो, आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, पुढच्या पगाराला करू म्हणून राहिली ती राहिलीच. सहा महिन्यांत पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने एवढे झिजले की तारा दिसायला लागल्या, बाहेरून बघितलं तर टायर चांगले दिसतात म्हणून कळलंच नाही. मग मी काय केलं तर पुढचे दोनच नवीन टाकले. इथे खरी चूक झाली.

दोन-तीन आठवड्यांनी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढताना असं वाटायला लागलं की कुणीतरी हँडब्रेक अर्धा ओढून ठेवलाय, टायर चर्रचर्र करत पुढे सरकायचे. मेकॅनिक जुना माणूस होता, त्याने कॉम्प्युटर वगैरे लावला नाही, गाडी जॅकवर उचलली आणि शिंप्याकडे असते तशी कापडी टेप टायरभोवती गुंडाळली. पुढचा टायर मागच्यापेक्षा घेरात पाऊण इंच मोठा निघाला! सुबारूचं म्हणणं असं की चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. हा पाव इंच म्हणजे किती थोडा ते घरबसल्या काढता येतं, टायरच्या खाचेच्या खोलीत फक्त १ मिलिमीटरचा फरक असला की घेरात साधारण ६ मिलिमीटर पडतो, म्हणजे पाव इंच झालाच. माझ्या नवीन टायरची खाच ८ मिलिमीटर आणि मागच्या जुन्याची ५.

मॅन्युअल डब्ल्यूआरएक्समध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद निम्मी निम्मी जाते आणि मधल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ही ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीत, सिलिकॉनच्या तेलाने भरलेलं एक कपलिंग असतं. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगळ्या गतीने फिरायला लागली की ते तेल ती दोघं जोडून धरायला बघतं. बर्फात हे पाहिजेच, त्यासाठीच तर ही गाडी घ्यायची. पण टायरच लहानमोठे असले तर सरळ कोरड्या हायवेवरसुद्धा ते कपलिंग सतत ओढ सहन करत राहतं, तापत राहतं आणि शेवटी धरून बसतं. माझं धरून बसलं होतं. ते बदलायचं बिल त्या सेटच्या तिप्पट झालं, वर चार नवीन टायर, आणि आधीचे दोन नवीन घेतलेले वाया गेले ते वेगळंच. पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत हाच आळस केला असता तर दोन टायर गेले असते आणि विषय संपला असता. चारही चाकांच्या गाडीत एका कोपऱ्यातली चूक मधल्या डिफरन्शियलपर्यंत पोचते, आणि गाडी जास्त खाली घेतली तर चाकांपर्यंत ताकद नेणारे दोनाऐवजी चारही ॲक्सल तिरक्या कोनात फिरायला लागतात ते आणखी वेगळं.

तेव्हा स्वस्त कशाला म्हणायचं? माझा हिशोब असा की सेट, अलाइनमेंट आणि पुढच्या दोन वर्षांचे टायर यांची बेरीज ज्याची कमी तो स्वस्त. दुसऱ्या वेळी मी दोन महिने नुसता अभ्यास केला. इकडे वर ओहलिन्ससारखे साधारण तीन हजार डॉलरचे सेट आहेत, ते सोडून दिले. हजाराच्या आसपास जपानच्या टाइनचा फ्लेक्स झेड आणि तैवानच्या बीसी रेसिंगचा बीआर असे दोन नावाजलेले पर्याय होते. फ्लेक्स झेड सीलबंद असतो, गळला तर नवीनच आणायचा, पण रोजच्या वापराला मऊ. बीआर खोलून दुरुस्त करता येतो, सुटे भाग मिळतात, आणि ऑर्डर देताना स्प्रिंग किती कडक पाहिजे ते सांगता येतं, म्हणून मी तो घेतला आणि स्प्रिंग मऊ मागवल्या. स्प्रिंगवर ८के वगैरे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ती १ मिलिमीटर दाबायला ८ किलो जोर लागतो. पुढचा आणि मागचा आकडा मात्र शेजारी ठेवून तुलना करू नका, या गाडीत मागचा शॉकअप आर्मवर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यावर बसतो आणि चाक जेवढं हलतं त्यापेक्षा तो कमी दबतो. अगदी स्वस्त सेटमध्ये मी हेच बघितलं की स्प्रिंग दणकट देतात, कडक लागलं की लोकांना रेसिंग वाटतं, पण ती स्प्रिंग आवरायची ताकद शॉकअपमध्ये नसते. खड्ड्यातून गेलं की गाडी दोन-तीन वेळा डुलते. चाक जमिनीला चिकटून राहत नसेल तर चारही चाकांना ताकद देऊन उपयोग काय.

उंची बदलायची पद्धतही विचारून घ्या. काही सेटमध्ये फक्त स्प्रिंगखालची रिंग फिरवून गाडी खाली घेतात, मग शॉकअपला दबायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला रबरावर आपटतो. दुसऱ्या प्रकारात खालचा ब्रॅकेट आट्यांवर वरखाली होतो, उंची बदलते पण शॉकअपची चाल तेवढीच राहते. मी या वेळी फक्त एक इंच खाली घेतली. कंपनीतून येतानाच गाडीच्या पोटाखाली ५.३ इंच असतात, तिला आणखी किती दाबणार!

बसवताना समोरच्या शॉकअपच्या चाकाकडच्या दोन बोल्टांपैकी वरचा कॅम्बरचा, म्हणजे चाक उभं किती कलतं ते ठरवणारा असतो, काढायच्या आधी त्यावर पांढऱ्या मार्करने खूण करा. मागच्या आर्मचे रबरी बुश गाडी जमिनीवर आपल्या वजनाने बसलेली असताना आवळा, जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि त्याच आठवड्यात अलाइनमेंट, पुढच्या पगाराला नाही. कॅम्बर थोडा इकडेतिकडे असला तर टायर निभावून नेतो पण टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, चुकला तर टायर रस्त्यावर अक्षरशः खरवडत चालतो. मी दीडशे डॉलर दिले आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घेतला, तो अजून गाडीत आहे. इकडे आय-७० हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो घाटाच्या पट्ट्यात सप्टेंबर ते मे चारही चाकांच्या गाडीलासुद्धा टायरची खाच ३/१६ इंच लागतेच, त्यामुळे आतून झिजलेले टायर म्हणजे कायद्यातही अडकलो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे उंची बदलायची रिंग ज्यावर फिरते ते आटे. इकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मारतात. पहिला सेट काढला तेव्हा रिंगेखाली पांढरी पूड साचून दगड झाली होती, पाना लावला की पाना घसरायचा, रिंग तसूभर हलायची नाही, म्हणजे उंची बदलता येते म्हणून पैसे दिले आणि तीच बदलता येईना. आता मी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये चाकं काढून नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करतो, गंजरोधक स्प्रे मारतो. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी असेल तर हे तुम्हालाही लागू.

भाच्याला मी सरळ नाही म्हटलं. त्याच्या डस्टरचं ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेल जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे आणि त्याने ती सह्याद्रीत फिरायला घेतलीय, खाली बसवून ती उंचीच घालवायची का? शिवाय साध्या डस्टरला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी दांडी, आणि याच्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन, नेटवर नुसतं "डस्टरसाठी" म्हणून मिळणारा सेट याला मागे बसणारच नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. उद्या अपघात झाला आणि विमावाल्याने बोट ठेवलं तर काय उत्तर देणार, हे लेखात यायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं काही छापाल तेव्हा सेटच्या किमतीखाली अलाइनमेंट आणि टायरचा खर्चही छापा, आणि पुणे-नाशिककडच्या एखाद्या अनुभवी अलाइनमेंटवाल्याला बोलतं करा, त्यांच्याकडे रोज झिजलेले टायर येतात त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

भाच्याने परवा वहिनीची शिवणाची टेप घेऊन स्वतःच्या गाडीचे टायर मोजले. काहीही न बदलता पुढच्या-मागच्यात १२ मिलिमीटरचा फरक निघाला. तो आता आधी टायर चारही एकदम बदलतोय आणि शॉकअप कंपनीचेच टाकतोय.

आपला,
एक वाचक, डेन्व्हर, कोलोराडो