पुसलेल्या राणीसाठी एक दालन द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे एक सचित्र फारसी पोथी आहे, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. अहमदनगरचा हुसेन निजामशहा आणि त्याची राणी खुंझा हुमायून यांच्या कौतुकासाठी आफताबी नावाच्या कवीने ती रचली. चित्रांत राणी राजाला खेटून सिंहासनावर बसलेली होती. होती म्हणतो, कारण पुढे कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून, रंगाखाली झाकून टाकली. नवऱ्यामागे तिने राज्याचा कारभार हाकला आणि १५६९ मध्ये पोटच्या मुलाने तिला कैदेत टाकले. चित्रांतली खाडाखोड त्यानंतरची, असे अभ्यासक मानतात. याच पोथीत आणखी एक चित्र आहे: बाईचा स्पर्श झाला आणि झाड फुलले. हा संस्कृत काव्यातला दोहद. कालिदासाच्या नाटकात मालविकेच्या पायाच्या स्पर्शाने फुलणारा अशोक इथे निजामशाहीतल्या चिताऱ्याच्या हातून फारसी पोथीत उमलला आहे.

ही पोथी मध्यभागी ठेवून दख्खनच्या इस्लामी कलेचे मोठे प्रदर्शन महाराष्ट्र सरकारने भरवावे, एवढ्यासाठी हे पत्र. २०१५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दख्खनी सुलतानांच्या काळातल्या सुमारे २०० वस्तू एकत्र आल्या होत्या. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानेही दख्खनी कलेचे प्रदर्शन मांडले. नगर, दौलताबाद, खुलदाबाद ज्या राज्यात आहेत, त्या राज्याने का मांडू नये?

'इस्लामी' हा शब्द वाचूनच फाइल बाजूला सरकेल, याची मला कल्पना आहे. तो शब्द मलाही अडचणीचा वाटतो, पण वेगळ्या कारणाने. एका लहान गावातल्या संग्रहालयात मी काळ्याभोर बिदरी गुडगुडीखाली पाटी वाचली होती: 'हुक्का (मुस्लिम)'. तो ओढणारा कोण होता, हे पाटी लिहिणाऱ्याला कसे कळले असेल? लिहायला हवे होते ते वेगळेच. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यात कोरून ठोकलेली चांदीची तार आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर चोळून आणलेला काळा रंग. ही माती चांदीला काळे करत नाही, फक्त जस्ताला करते. सगळी किमया तिथे आहे.

एक विनंती आधीच करतो. याला 'एकात्मतेचे प्रदर्शन' असे नाव देऊ नका. तीच पोथी १५६५ चा तालिकोटचा विजय गाते, आणि त्या लढाईनंतर हुसेनने विजयनगरच्या रामरायाचे मस्तक उतरवले होते. हेही पाटीवर आले पाहिजे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा सरस्वतीला वंदन करत गाणी रचत होता, म्हणून त्याला आजच्या सभेत टाळ्या मिळवायला उभे करू नये. त्याचे तंबोऱ्यावर प्रेम होते, तंबोऱ्याचे नाव त्याने मोतीखान ठेवले होते, एवढे सांगितले तरी माणूस समोर उभा राहतो.

आता कामाचे. मी आयुष्यभर प्रदर्शनांची मांडणी केली आहे, म्हणून सांगतो: हे मंडपवाल्याचे काम नाही. तीन वर्षे लागतील. कागदावरच्या चित्राला ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड चालत नाही आणि तेवढ्यातही ते काही महिन्यांपलीकडे ठेवायचे नसते, म्हणून पोथीचे पान मध्ये बदलावे लागते. मुंबईच्या पावसाळ्यात दालनातली आर्द्रता रात्रंदिवस एका पातळीवर धरावी लागते. वीज गेली तर काय, हे आधी ठरवायचे. उसनी वस्तू देणारी संस्था आपला माणूस सोबत पाठवते आणि पेटी उघडताना प्रत्येक ओरखडा कंडिशन रिपोर्टवर नोंदवून घेते. विमा 'नेल टू नेल' असतो: तिथल्या खिळ्यावरून वस्तू उतरली की सुरू, परत त्याच खिळ्यावर चढली की बंद. आचारसंहितेपूर्वी उद्घाटन व्हावे असा आग्रह यात बसत नाही.

जागा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असावी, असे मला वाटते. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरूनच घेतलेला आहे; रोज हजारो लोक त्याखालून जातात. नंतर प्रदर्शन छत्रपती संभाजीनगरला न्यावे, निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने वसवलेल्या गावी. तिथे हिमरू कापडाचा माग दालनात चालू ठेवावा, सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा डोळ्यांसमोर भरताना दिसावा. विणकराला रोजची मजुरी द्यावी, शाल-श्रीफळावर भागवू नये. आजच्या कलेसाठी चित्रकार झरीना हाश्मींचे काष्ठठसे (लाकडी ठशाने छापलेली चित्रे) मागवता येतील. १९९९ मध्ये त्यांनी केलेल्या ३६ ठशांत प्रत्येकाबरोबर एकेक उर्दू शब्द आहे, त्यांतले काही घर-अंगणासारखे, मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळणारे. आणि मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांतले जे कातिब, म्हणजे हाताने मजकूर लिहिणारे सुलेखनकार, संगणक आल्यावर रिकामे झाले, त्यांतल्या एखाद्याच्या हातून दालनाचे नाव नस्तालिक या उर्दूच्या वळणदार लिपीत लिहून घ्यावे. शेजारी तेच नाव मोडीत.

पाट्या आधी मराठीत लिहाव्यात, इंग्रजीवरून उतरवू नयेत. एका पाटीत साधारण साठ शब्द मावतात. खुंझा हुमायूनच्या पुसलेल्या जागेसमोर लावायची पाटी मी चार वेळा लिहून पाहिली आहे. अजून सत्तर शब्दांच्या खाली येत नाही.

आपला,
एक निवृत्त मांडणीकार, पुणे