शून्य सात

कोल्हापूर, रविवार रात्र

संज्या,

चार महिने फोन नाही, मेसेज नाही, घाल शिव्या. तब्येत बरी आहे, आईचा गुडघा आहे तसाच. पण झालंय असं की तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही मर्दा.

गॅदरिंगची सर्टिफिकेटं आठवतात? नाव सापडलं नाही तर यादीतलं पहिलं छाप असं प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेलंस आणि सगळी बक्षिसं पव्याला, रांगोळीचं सुद्धा. वर्षभर तुला सोडलं नव्हतं मी. आता तेच मी केलंय.

माझा प्रयोग सायकोपायमध्ये आहे, मानसशास्त्राचे प्रयोग कॉम्प्युटरवर चालवायचं सॉफ्टवेअर (आई विचारते, कुणाचा पाय?). प्रत्येकाला त्याच्याच घरचे १२ फोटो आणि १२ परके, ओळखीचा असला तर एक बटण, नसला तर दुसरं. एक्सेलमध्ये नुसती १.जेपीजी, २.जेपीजी अशी नावं, सगळ्यांना तीच. सुरुवातीच्या चौकटीत नंबर टाकला की फोल्डर तेवढं बदलतं. इमेजच्या रकान्यात डॉलर, पुढं व्हेरिएबल, आणि ‘सेट एव्हरी रिपीट’, नाहीतर फोटो बदलतच नाही, ह्यातच माझे दोन दिवस गेले. आणि फोल्डर नसेल तर प्रोग्राम आडवा पडू नये म्हणून शहाण्यानं एक ओळ टाकली, नसेल तर पहिल्याचं उघड. टेस्टिंगपुरती. काढायची राहिली.

मंगळवार पेठेतली एक आजी आली, नंबर ०७. आधी त्याच लॅपटॉपवर संमतिपत्र मराठीत टाईप केलेलं, कीबोर्ड मराठीच राहिला, मी टाकलं ०७ पण मराठी आकड्यांत. फोल्डरचं नाव इंग्रजी आकड्यांत. सापडलं नाही, उघडलं ०१ चं!

आजी आपली दाबतेय, ओळखीचा, ओळखीचा. मी खूष. मग म्हणाली, "आरं, ही वशीची धाकटी सून न्हवं? हिला पोरगं झालं व्हय?"

माझ्या हातापायातलं बळच गेलं. तुमचे फोटो दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत असं ०१ ला लिहून दिलंय रे मी, आणि पेठेत बातमी पोचायला किती वेळ लागतो तुला माहितीय.

कोड केला दुरुस्त. नंबर आधी इंटमधनं काढतो, म्हणजे टाईप केलेल्याचा खरा आकडा होतो, सायकोपायच्या मागच्या पायथन भाषेला मराठी आकडेपण कळतात, मग दोन आकडी करून जोडतो. आणि फोल्डर नसेल तर सरळ बंद पडू दे, पडलेलं बरं. पण ०१ ला काय सांगू? मॅडमना मंगळवारी सांगणार आहे, परवापासनं तीनदा दारापर्यंत जाऊन आलो. पव्याला तू कसं सांगितलंवतंस? का सांगितलंच नव्हतंस?

तुझं नवीन घर कसं आहे, वहिनींची बदली झाली का, सगळं लिही. रंकाळ्यावर ये एकदा, भेळ माझ्याकडनं.

दत्त्या

ता. क. आजीचा आत्ताच फोन, "माझं फोटू कवा दावणार?"