बाळंतपणाचा चार्ट आईच्या हातात द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात बातमी आली होती, डिलिव्हरीत बाळ दगावलं म्हणून नातेवाईकांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या. आमच्या घरात त्यावर दोन दिवस चर्चा चालू होती, सासरे म्हणाले बरं झालं, दीर म्हणाले डॉक्टर काय देव आहे का. मी काही बोलले नाही. पण ते काही डोक्यातून जाईना म्हणून आज रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर हे टाईप करतेय.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, घरात आम्ही सीपी म्हणतो. समजतं तिला सगळं, पप्पांची गाडी वळणावर आली की आवाजावरून ओळखते, कुणी तिच्याबद्दल बोललं की तोंड फिरवते. पण हातपाय तिचं ऐकत नाहीत, ग्लास धरायला गेली की हात भलतीकडेच जातो, मान वाकडी होते, आणि ती बोलते ते आम्हा तिघांनाच कळतं.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी गेले होते. माहेर आमचं दुष्काळी पट्ट्यात, मिरजेपासून दीड दोन तास. जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं. संध्याकाळी पाचला पिशवी फुटली, सहाला ॲडमिट झाले, सलाईनमधून कळांचं औषध चालू केलं. ड्युटीवर एकच सिस्टर आणि तिच्याकडे आम्ही तिघीजणी. बाळाचे ठोके तिने गेल्या गेल्या ऐकले, मग जेवणं झाल्यावर एकदा, त्यानंतर पहाटेपर्यंत कुणी ठोके बघितलेले मला आठवत नाही. आई दारातून विचारायची तर उत्तर ठरलेलं, "पहिलटकरणीला वेळ लागतोच ओ मावशी, तुम्ही बसा बाहेर." तीनच्या सुमाराला पाणी हिरवट जायला लागलं, आईने कापड नेऊन दाखवलं. डॉक्टर आले तेव्हा साडेचार झाले होते. मग एकदम धावपळ, एकजण पोटावर दाबतेय, व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला कप लावून ओढायचं मशीन) लावला, आणि बाळ बाहेर आलं ते निळंकाळं, ढिलं पडलेलं. रडलं नाही. बाळाला श्वास द्यायचा लहान मास्क कुठे ठेवलाय म्हणून डॉक्टर सिस्टरवर ओरडलेले मी माझ्या कानाने ऐकलं. किती मिनिटं गेली ते सांगता येणार नाही, समोर भिंतीवर घड्याळ होतं पण मी बघितलंच नाही त्याच्याकडे, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी कण्हल्यासारखा बारीक आवाज आला. उजाडायच्या आत ॲम्ब्युलन्सने तिला मिरजेला नेलं, दुसऱ्या दिवशी झटके, अकरा दिवस पेटीत.

आणि माझ्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय, तर नॉर्मल डिलिव्हरी, बाळ जन्मल्याबरोबर रडलं. व्हॅक्यूमचा उल्लेखच नाही. अपगार स्कोअर म्हणून असतो, पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, श्वास, ठोके, हालचाल बघून दहापैकी मार्क द्यायचे, १९५३ पासून जगभर चालत आलेली साधी गोष्ट आहे, त्या दोन्ही चौकटी कोऱ्या.

या एका ओळीने आमची चार वर्षं खाल्ली. वर्षाची झाली तरी पोरगी मान धरेना म्हणून आधी मिरज, मग पुणे. प्रत्येक नवीन डॉक्टर आधी ते कार्ड वाचायचे आणि म्हणायचे, बाळ लगेच रडलंय ना, मग जन्मताना काही झालेलं नसणार, रक्ताच्या तपासण्या करू, जनुकांच्या करू. दोन वर्षांच्या बेदाण्याचे पैसे त्यात गेले. पैशाचं एक वेळ ठीक आहे, घरात जे चाललं होतं ते त्याहून वाईट. कागदावर सगळं नॉर्मल आहे म्हटल्यावर दोष कुणाचा, माझा. मी ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती म्हणे. कुणी म्हणालं हिच्या माहेरच्या रक्तातच काहीतरी असणार. माझी आई त्या रात्री त्या दारात उभी होती, तिला सगळं माहिती होतं, पण कागदापुढे तिचं कोण ऐकणार. शेवटी एमआरआय झाला तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं की मेंदूच्या आतल्या, हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा झालीय, आणि दिवस पूर्ण भरलेल्या बाळाला जन्माच्या आसपास अचानक ऑक्सिजन कमी पडला तर अशी इजा दिसते. त्या दिवशी माझे मिस्टर गाडीत बसून खूप रडले.

आता एक गोष्ट मला प्रामाणिकपणे लिहायची आहे. सीपीचं प्रत्येक लेकरू म्हणजे डॉक्टरची चूक असं अजिबात नाही. लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली अवघड बाळंतपण आणि पोरांचे ताठलेले हातपाय यांचा संबंध मांडला, बरीच वर्षं या आजाराला लिटलचा आजारच म्हणायचे. पण १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (हो तेच, मानसशास्त्रवाले, आधी ते मेंदूचे डॉक्टर होते) उलटा विचार मांडला की कधी कधी बाळात पोटातच आधी काहीतरी बिघडलेलं असतं आणि म्हणूनच बाळंतपण अवघड जातं. पुढे अमेरिकेत पन्नास हजारांवर गरोदरपणांचा मागोवा घेतला तेव्हाही दिसलं की बहुतेक पोरांमधे कारण नुसतं जन्माच्या वेळचं नव्हतं. कमी दिवसांचं बाळ, कमी वजन, पोटात असताना झालेला संसर्ग, जन्मानंतरचा मेंदूज्वर, अशी बरीच कारणं आहेत. तान्ह्या बाळाची कावीळ तर आपल्याकडे सर्रास अंगावर काढतात, कोवळ्या उन्हात धरा म्हणतात, आणि ती फार वाढून मेंदूपर्यंत गेली तर माझ्या पोरीसारखीच गत होते, वेळेत बाळाला निळ्या लाईटखाली ठेवलं तर ते टळू शकतं.

आणि वार (पोटात बाळाला रक्त पुरवते ती) अचानक सुटली किंवा नाळ दाबली गेली तर चांगल्या डॉक्टरच्या हातातही फार वेळ नसतो हे मला पटतं. म्हणून मी त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण पुरावा का नाही हा माझा प्रश्न आहे.

कळा नीट चालू झाल्या की एक चार्ट भरायचा असतो, पार्टोग्राफ म्हणतात. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, कळा किती येतात, पाण्याचा रंग काय, आईचं बीपी किती, आणि बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला. बाळ खाली उतरून आई जोर द्यायला लागली की ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे. मिनिटाला ११० ते १६० हे नॉर्मल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये याचा नवीन नमुनाही काढलाय. भारी मशीन लागत नाही, एक कागद, एक पेन आणि ठोके ऐकायला मोकळं असलेलं एक माणूस लागतं, आणि तिथेच सगळं अडतं, कारण एका सिस्टरकडे तीन बायका असतील तर ती तरी काय काय करणार. तिच्यावर माझा राग नाही, तिला रात्रभर एकटीला ठेवणाऱ्यावर आहे. माझा चार्ट भरला होता की कोराच होता, की सकाळी बसून भरला, मला कधीच कळणार नाही. एमआरआय झाल्यावर आम्ही रेकॉर्ड मागायला गेलो तर म्हणाले, तीन वर्षांच्या वरचं आम्ही ठेवत नाही.

आणि नियम तसाच आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं आणि मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असं आहे. ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षं, पुढे गेलं तर उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. आणि सीपी कधी कळतं? कुणाला दीड वर्षाने, कुणाला दोन. तोवर "काही पोरं उशिरा चालतात, तुझा नवरा पण उशिराच चालला होता" हेच ऐकण्यात दिवस जातात. म्हणजे आईला संशय येईपर्यंत मुदत संपत आलेली असते आणि ती दवाखान्यात पोचेपर्यंत कागद रद्दीत. सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार मिळत असतील तर ग्राहक कोर्टाचा मार्गही बंद, सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल आहे तसा. मग माणसं काचा फोडतात. ते चूकच आहे, ज्याने बाळ गमावलं त्याला काचा फोडून काय मिळणार, उलट उद्यापासून तिथले डॉक्टर अवघड केस बघायच्या आधीच पुढे पाठवणार आणि आमच्यासारख्या लांबच्या बायकांची वाट अजून लांब होणार.

माझी मागणी सांगलीच्या जिल्हा आरोग्य अधिकारी साहेबांकडे, सिव्हिल सर्जन साहेबांकडे आणि आमच्या आमदारांकडे आहे. डिस्चार्जच्या वेळी बाळाच्या लसीच्या कार्डासोबत त्या चार्टची झेरॉक्स आईच्या हातात द्या, न मागता, सरकारी असो खाजगी असो. अपगारच्या चौकटी कोऱ्या असतील तर डिस्चार्ज होऊ देऊ नका. आणि बाळंतपणाचं रेकॉर्ड तीन वर्षांत फाडू नका, निदान पोरगं शाळेत जाईपर्यंत तरी ठेवा. ज्या डॉक्टरने रात्रभर नीट लक्ष दिलंय त्याला तर हा कागद ढालच होईल. सीझनमधे वाळवा, पलूस, कराडकडे ऊसतोडीला बायका येतात, दिवस भरलेल्या असतात, गावाकडचं कार्ड गावाकडेच राहिलेलं असतं, आणि टोळी पुढे गेली की त्यांच्या बाळंतपणाचा एक कागदही मागे राहत नाही. त्यांच्यासाठी तर हे आधी करा.

ज्यांच्या घरी सीपीचं लेकरू आहे त्यांना एक सांगते, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सीपी आहे, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या आणि निरामय या सरकारी आरोग्य विमा योजनेत नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो, फिजिओथेरपी पण त्यात बसते. आम्हाला हे सहाव्या वर्षी कळलं, तेही फिजिओच्या बाहेर बाकावर बसलेल्या एका आजीकडून.

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेची तारीख आहे. नाव मिरजेत घातलंय. गेल्या तपासणीला मी मुद्दाम तिच्यासोबत गेले आणि सिस्टरना विचारलं, चार्टची झेरॉक्स मिळेल का. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, आजपर्यंत कुणी मागितली नाही हो ताई, मॅडमना विचारून सांगते. मी परवा परत जाणार आहे विचारायला.

नाव छापू नये ही विनंती.

एक आई,
ता. तासगाव, जि. सांगली