सूचना: बोटीवर फिशफाइंडर (मासे शोधायचं यंत्र), व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) जोडताना
मंडळी, नवीन सेट बसवताय तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा मगच कामाला हात लावा. सगळ्यात महत्त्वाचा फ्यूज, तो पॉझिटिव्ह वायरवर आणि बॅटरीच्या जितका जवळ जमेल तितका, कारण वायर मध्येच घासून शॉर्ट झाली तर बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला काहीच संरक्षण नसतं आणि आग तिथूनच लागू शकते. फ्यूज किती अँपिअरचा ते मॅन्युअलमध्ये बघा, सारखा उडतोय म्हणून मोठा टाकू नका प्लीज!! वायर टिन चढवलेल्या तांब्याचीच, साधी खाऱ्या हवेत आतून काळी पडते. २५ वॅटचा व्हीएचएफ बोलताना १२ व्होल्टवर ५-६ अँपिअर खेचतो, बारीक वायर नको. जॉइंट नुसते पिळून टेप गुंडाळू नका, क्रिंप करून (वायरवर धातूची नळी दाबून) हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) लावा. शंका असेल तर सेट चालू करायच्या आधी इथे फोटो टाका.